पाटीवरचं नाव : फ्रेड क्विम्बी (टॉम अँड जेरीचा निर्माता नक्की काय करायचा?)

निळीरेघ

आमच्याकडे केबल आली १९९६ च्या उन्हाळ्यात. ती सगळी सुट्टी मी आणि माझा धाकटा भाऊ टॉम अँड जेरीसमोर ताट घेऊन बसायचो. इंग्रजी धड वाचता येत नव्हतं, तरी एक नाव दोघांनाही पाठ झालं होतं. आधी सिंहाची डरकाळी, मग टॉम-जेरीचे चेहरे, मग नावांची पाटी. बाकीची नावं बारीक, वाचेवाचेपर्यंत निघून जायची. फ्रेड क्विम्बी मात्र राहून गेला. टॉम आणि जेरी काढतो तो माणूस हाच, अशी आमची पक्की समजूत होती. भाऊ वहीच्या मागच्या पानावर मांजर काढायचा आणि खाली ‘क्विम्बी’ अशी सही करायचा.

पुढे मी याच कामात आले. २००४ मध्ये पुण्यात एका स्टुडिओत इन-बिटवीनर म्हणून लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : मुख्य अॅनिमेटर हालचालीतल्या महत्त्वाच्या पोझ काढतो. हात वर, हात खाली. त्या दोहोंमधला प्रवास आम्ही काढायचा. काचेखाली दिवा, काचेच्या कडेला खुंट्यांची पट्टी, तिच्यात भोकं पाडलेले कागद अडकवलेले. डाव्या हाताच्या बोटांत चार-पाच कागद धरून ते सतत उलटसुलट फडफडवायचे आणि उजव्या हाताने रेघ ओढायची. रेघ केसभर सरकली तरी पडद्यावर नाक थरथरतं. दिवसाला पंचवीस-तीस चांगली चित्रं झाली की दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

असं दीड वर्ष ज्यावर काम केलं तो चित्रपट लागला, तेव्हा आईला घेऊन गेले. नावं संपून दिवे लागेपर्यंत आम्ही दोघी बसून होतो. आमच्या विभागातल्या एकाचंही नाव नव्हतं. निर्मात्याचं नाव तीनदा आलं. आई काही बोलली नाही, रिक्षात बसल्यावर फक्त माझा हात धरून ठेवला. त्या रात्री मला इतक्या वर्षांनी फ्रेड क्विम्बी आठवला, आणि हा माणूस कोण होता ते शोधायला मी लागले. तेव्हापासून जे वाचलं, पाहिलं, ते इथे मांडते आहे.

क्विम्बीने टॉमची एक मिशीसुद्धा काढलेली नाही. १८८६ मध्ये मिनिआपोलिसला जन्म. सुरुवात वार्ताहर म्हणून, मग १९०७ मध्ये मोंटाना राज्यातल्या मिझूला गावी एका सिनेमा थिएटरचा व्यवस्थापक. तिथून पाथे कंपनीत जाऊन तिच्या संचालक मंडळापर्यंत चढला. १९२१ मध्ये ती सोडून स्वतंत्र निर्माता झाला, १९२४ मध्ये फॉक्समध्ये आणि १९२७ मध्ये एमजीएममध्ये, म्हणजे त्या डरकाळीवाल्या सिंहाच्या स्टुडिओत, लघुपटांच्या विभागाचा प्रमुख म्हणून. थोडक्यात, हा सिनेमे विकणाऱ्या, लावणाऱ्या बाजूचा माणूस. तिकीटबारीशी नातं, पेन्सिलीशी नाही.

कार्टून त्याच्या गळ्यात पडलं १९३७ मध्ये. तोवर एमजीएम कार्टून बाहेरून घेत असे : आधी अब आयवर्क्सकडून, मग १९३४ पासून ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग या जोडीकडून. जोडीचं काम देखणं, पण खर्च ठरलेल्या रकमेत कधी बसायचा नाही. शेवटी एमजीएमने तो करार मोडला, स्वतःचंच कार्टून खातं काढायचं ठरवलं आणि क्विम्बीला सांगितलं : उभं कर.

इथे मला त्याच्यातला निर्माता पहिल्यांदा दिसतो. त्याने माणसं गोळा केली. हार्मन-आयझिंगकडचे बरेच जण उचलले, त्यांत बिल हॅना होता. न्यूयॉर्कच्या टेरीटून्समधून जो बार्बेरा आला. वॉर्नरचं कार्टून करणाऱ्या लिऑन श्लेसिंगरकडून फ्रिझ फ्रेलेंगला जास्त पैसे देऊन आणलं, आणि त्याच्या हाती दिली ‘कॅप्टन अँड द किड्स’ ही वर्तमानपत्री चित्रपट्टीवरची मालिका. ती साफ पडली. फ्रेलेंगचं मन आधीपासूनच तिच्यात नव्हतं, १९३९ मध्ये तो वॉर्नरकडे परतला. आणि क्विम्बीला १९३८ मध्येच पुन्हा कोणाला बोलवावं लागलं? ज्यांना घालवलं होतं त्या हार्मन आणि आयझिंगलाच.

या पडझडीत हॅना आणि बार्बेरा एकमेकांसमोर टेबलं लावून बसले होते. बार्बेरा झरझर चित्रं काढून गोष्ट मांडणारा. हॅनाकडे वेळेचं गणित : टॉमने भिंतीवर आपटायच्या आधी नेमक्या किती फ्रेम हवेत तरंगायचं, ते तो ठरवणार. दोघांनी मांजर-उंदराची एक फिल्म केली, ‘पस गेट्स द बूट’, फेब्रुवारी १९४० मध्ये लागलेली. त्यात मांजराचं नाव जॅस्पर होतं. पाटीवर नाव आयझिंगचं, हॅना-बार्बेराचं कुठेच नाही. ऑस्करसाठी तिचं नामांकन झालं आणि ती हरली, एमजीएमच्याच ‘द मिल्की वे’ या आयझिंगच्या फिल्मसमोर.

क्विम्बीला पुढचं मांजर-उंदीर नको होतं. मांजर उंदरामागे धावतं हे लोक किती वेळा बघणार, असं वरच्यांचं मत. मग टेक्सासहून बेसा शॉर्ट या बाईंचं पत्र आलं. त्या तिथल्या मोठ्या थिएटर-साखळीचं काम बघायच्या, आणि त्यांना विचारायचं होतं की ही मांजर-उंदराची गंमत आणखी कधी येणार. थिएटरवाल्यांचं पत्र म्हणजे क्विम्बीच्या स्वतःच्या भाषेतलं पत्र, ते त्याला लगेच कळलं. मालिका सुरू झाली. नावासाठी स्टुडिओत स्पर्धा लागली. जॉन कार या अॅनिमेटरने टॉम आणि जेरी सुचवलं, त्याला पन्नास डॉलर मिळाले.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९४३ च्या ‘यांकी डूडल माउस’पासून सलग चार वर्षं ऑस्कर, मग आणखी तीन, एकूण सात. ज्या प्रकारात १९३२ ते १९३९ डिस्नेशिवाय कोणी जिंकलंच नव्हतं, त्यात. सातही वेळा बाहुली गेली फ्रेड क्विम्बीच्या हातात. त्या प्रकारात पुरस्कार निर्मात्याला द्यायचा हा नियमच होता, त्यामुळे त्याने काही चोरलं असं नाही. पण हॅना आणि बार्बेराला त्याने एकदाही बरोबर मंचावर नेलं नाही.

मला हेच विचारायचंय. या माणसाचं आपण काय करावं? माझा पहिला राग ओसरलाय, पण तो पूर्ण गेलेला नाही.

ओसरी

निळीरेघ, आईने हात धरला ते वाचून थांबले जरा.

माझं मत सरळ आहे. नियम निर्मात्याच्या बाजूने होता, ठीक. पण मंचावर जाऊन ‘हे या दोघांनी केलंय’ म्हणायला कोणता नियम आडवा आला असता? सात वेळा संधी मिळाली. एकदा विसरला तर समजू शकते, सात वेळा माणूस विसरत नाही.

पाऊलवाट

थोडी वेगळी बाजू मांडतो. मी तीस वर्षं कारखान्यात उत्पादन-नियोजन केलं. यंत्रावर माझा हात नव्हता. पण माल वेळेवर यायचा, पगार सातला व्हायचा, वरून ‘हे खातं बंद करा’ असं आलं की मी कागद घेऊन वर जायचो आणि आणखी सहा महिने मागून आणायचो. खाली काम करणाऱ्याला हे कधी दिसत नाही, दिसू नये अशीच व्यवस्था असते.

लेखातलंच बघा. एक मालिका पडली, महागडा दिग्दर्शक सोडून गेला, जुन्यांना परत बोलवावं लागलं. एवढ्यावर एखाद्या कंपनीने खातं गुंडाळलं असतं. क्विम्बीचं खातं टिकलं. पुढे टॉम अँड जेरीला जो पैसा मिळाला तो त्या काळच्या बऱ्याच कार्टूनांना मिळत नव्हता. मागची चित्रं बघा, तो वाडा, त्या पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीतलं प्रतिबिंब. ते कोणाच्या तरी मंजुरीशिवाय होत नाही.

आणि ज्याला विनोद कळत नाही पण आपल्याला कळत नाही हे कळतं, असा साहेब मिळणं हे भाग्य. तो कामात लुडबुड करत नाही.

तबकडी

पाऊलवाट यांच्या पैशाच्या मुद्द्याला संगीताकडून पुरावा देते.

टॉम अँड जेरीत बोलणं जवळजवळ नाहीच, सगळा भार संगीतकार स्कॉट ब्रॅडलीवर. त्याच्या हाताशी एमजीएमचे वादक होते, मोठ्या संगीतपटांना वाजवणारे. डोळे मिटून एखादी फिल्म नुसती ऐका. जेरी पायऱ्या उतरतोय की चढतोय, टॉमच्या हातात तवा आहे की उशी, सगळं ऐकू येतं.

‘द कॅट कॉन्सर्टो’ (१९४७ साली लागली, ऑस्कर १९४६ चं) मी विद्यार्थ्यांना दाखवते. टॉम फ्रांझ लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो. सुरुवातीला तो पियानोसमोर बसतो, रुमालाने हात पुसतो, आणि पहिला स्वर येतो तेव्हा त्याची बोटं ज्या पट्ट्यांवर पडतात त्या पट्ट्या जवळजवळ बरोबर आहेत. स्वर आधी ध्वनिमुद्रित, मग त्यावर चित्रं. मंद स्वर असेल तर पंजा पट्टीवर रेंगाळतो, पट्टी सुटते तेव्हा मनगट आधी उठतं आणि बोटं मागून. माझ्या गुरुजींनी मला जे मनगट शिकवायला दोन वर्षं घेतली ते त्या मांजराकडे आहे.

त्याच सुमारास वॉर्नरकडून ‘ऱ्हॅप्सडी रॅबिट’ आली. तोच लिस्ट, तोच पियानो, बग्ज बनी वाजवतोय आणि उंदीर छळतोय. दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग, म्हणजे क्विम्बीला सोडून गेलेलाच. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. खरं काय ते आजही ठामपणे सांगता येत नाही. बाहुली मात्र क्विम्बीकडे गेली.

निळीरेघ

तबकडी, मनगटाबद्दल लिहिलंत त्याने मला फार आनंद झाला. ‘बोटं मागून’ हे आम्ही कागदावर रोज करायचो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटाचं टोक. एकदम सगळं हललं की ते लाकूड दिसतं.

पाऊलवाटदादा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. पण ‘लुडबुड करत नव्हता’ हे पूर्ण खरं नाही. टेक्स एव्हरी हा कार्टून-दिग्दर्शक १९४१ च्या अखेरीस एमजीएमकडे आला, तो क्विम्बीबद्दल फारसं बरं बोलत नसे. १९४२ मध्ये एव्हरीने ‘ब्लिट्झ वुल्फ’ केली. तीन डुकरांची गोष्ट, आणि लांडगा म्हणजे हिटलर. एव्हरी सांगायचा की क्विम्बीने त्याला हिटलरवर फार तुटून पडू नकोस म्हणून बजावलं, कारण युद्ध कोण जिंकणार ते अजून कुठे ठरलंय! एव्हरीने ऐकलं नाही, आणि त्या फिल्मलाही नामांकन मिळालं. म्हणजे क्विम्बी सांगायचा, पण हट्टाने आडवा पडायचा नाही. एव्हरी १९५३ पर्यंत तिथे राहिला आणि त्याच्या उत्तम फिल्म तिथल्याच. याचं थोडं श्रेय मी क्विम्बीला देते. मनापासून देते.

धोबीतलाव

मी इथे क्वचित लिहितो. हा विषय बघून राहवलं नाही.

माझा जन्म १९४८ चा, बालपण मुंबईत धोबी तलावाला. आमच्यासाठी टॉम अँड जेरी म्हणजे टीव्ही नाही, मेट्रो. मेट्रो थिएटर एमजीएमनेच बांधलेलं, १९३८ मध्ये सुरू झालं. त्यामुळे सिंहाचे सगळे सिनेमे तिथे यायचे आणि मुख्य सिनेमाआधी कार्टून असायचं. बाहेर मे महिन्याचा घाम आणि आत पाय ठेवला की गारवा. जाड लाल गालिचा, भिंतींवर जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी काढलेली मोठी चित्रं. वडील रेल्वेत कारकून, वर्षातून दोन-तीनदाच परवडायचं. रविवारी सकाळी मुलांसाठी खेळ असायचे, तेव्हा तिकीट स्वस्त.

दिवे मंद झाले, सिंह ओरडला आणि टॉम-जेरीचे चेहरे आले की अख्खं थिएटर एकदम ओरडायचं. पारशी मुलं, गोवेकर मुलं, आम्ही गिरगावातली. मग ती नावांची पाटी यायची, आणि त्या वेळी ओरडा आणखी वाढायचा, कारण त्यानंतर सुरू. मी क्विम्बी हे नाव त्या ओरड्यात वाचलंय. त्याने काय केलं काय नाही ते आज कळलं. पण त्या नावाशी जोडलेला आनंद खरा होता.

ओसरी

धोबीतलाव काका, किती सुंदर आठवण! अजून लिहा, स्वतंत्र धागा काढा.

एक जड प्रश्न विचारते. जुन्या टॉम अँड जेरीमध्ये ती घरकाम करणारी काळी बाई आहे, जिचे फक्त पाय दिसतात. लहानपणी मला ती घराची मालकीण वाटायची. आता मुलीबरोबर बघताना अस्वस्थ व्हायला होतं. यशाचं श्रेय निर्मात्याकडे जात असेल तर याचं?

निळीरेघ

याचंही त्याच्याकडे. माझं ठाम मत आहे.

त्या पात्राला आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने दिला होता. बोलण्याची ढब, पायमोजे, चपला, सगळं त्या काळच्या अमेरिकी पडद्यावरच्या ठोकळेबाज मोलकरणीचं. त्याच काळात तिथल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना अशा चित्रणाविरुद्ध आवाज उठवत होती, आणि १९५२ नंतर ते पात्र मालिकेतून गेलं. पुढे १९६० च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी दुसरी बाई काढून आवाजही बदलला. तुमच्या मुलीला कोणती आवृत्ती दिसते ते त्यावर अवलंबून.

स्फोटानंतर चेहरे काळे करून केलेले विनोदही आहेत. हॅना-बार्बेराने ते काढले, क्विम्बीने ते मंजूर केले. जी पाटी ऑस्करच्या वेळी पुढे असते ती इथेही पुढे असली पाहिजे. मी ते सगळं न कापता दाखवावं या मताची आहे, पण सोबत बसून, मुलीशी बोलत.

सनीवेल

छान धागा. माझ्या मुलाने विचारलेला प्रश्न : काही टॉम अँड जेरी एकदम वेगळ्या का दिसतात? आवाज विहिरीतून आल्यासारखे, हालचाल तुटक, टॉमचा मालक भलताच रागीट. मुलगा घाबरतो त्या भागांना. त्याही क्विम्बीच्या का?

निळीरेघ

नाही. क्विम्बी १९५५ मध्ये निवृत्त झाला, त्या १९६१-६२ मधल्या. तुम्ही म्हणता त्या १३ फिल्म प्रागमध्ये झाल्या. दिग्दर्शक जीन डाइच हा अमेरिकन, आणि निर्माता विल्यम स्नायडर. हाही अमेरिकन निर्माताच, पण क्विम्बीच्या अगदी उलट घडणीचा. क्विम्बीमागे एमजीएमचा खजिना होता. स्नायडरला एका फिल्ममागे सुमारे दहा हजार डॉलरमध्ये भागवायचं होतं, म्हणून तो काम प्रागला घेऊन गेला. तिथल्या कलाकारांनी मूळ मालिका जवळजवळ पाहिलेलीच नव्हती. समोर ठेवायला मोजके नमुने, आणि त्यावरून ही जगप्रसिद्ध जोडी करायची. मला त्या कलाकारांबद्दल नेहमी माया वाटते.

आणि नावांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. शीतयुद्ध चालू होतं, पडद्यावर कम्युनिस्ट देशातली नावं नकोत म्हणून चेक लोकांची नावं इंग्रजी वळणाची करून लिहिली. श्तेपान कोनीचेकचा स्टीव्हन झाला, संगीतकार वात्स्लाव लीदलचा व्हिक्टर लिटल. नाव आलं, पण आपलं नाही. मला ते अजिबात न येण्यापेक्षाही जास्त बोचतं.

गणिती

आकडे कोणीच दिले नाहीत म्हणून थोडे देतो. सात मिनिटांची फिल्म म्हणजे ४२० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १०,०८०. एक चित्र दोन फ्रेम वापरलं तरी एका पात्रासाठी पाच हजारांच्या पुढे. टॉम आणि जेरी दोघं मिळून दहा हजार. निळीरेघ यांच्या दिवसाला ३० या वेगाने एका माणसाला ३३६ दिवस, तेही सगळी चित्रं एकदाच बरोबर आली तर. मग शाई, रंग, कॅमेरा वेगळा. हॅना-बार्बेराने १९४० ते १९५८ या काळात लागलेल्या अशा ११४ फिल्म केल्या.

पाऊलवाट

गणिती, हा हिशेब कोणीतरी मांडायलाच हवा होता. आता सांगा, या कारखान्याला दर आठवड्याला पगार करणारा माणूस नको?

क्विम्बी निवृत्त झाल्यावर काय झालं तेही बोलायला हवं. हॅना आणि बार्बेरा स्वतः निर्माते झाले, पाटीवर त्यांची नावं आली. आणि १९५७ मध्ये, दोन वर्षांत, एमजीएमने कार्टून खातं बंद केलं. तेही एका फोनवर.

निळीरेघ

दादा, ते क्विम्बी नव्हता म्हणून झालं असं मात्र म्हणू नका. कारण हिशेबाचं होतं. जुन्या फिल्म पुन्हा थिएटरात सोडल्या की नव्याच्या जवळपास ९० टक्के कमाई होते असं वरच्यांच्या लक्षात आलं, मग नवी करायची कशाला? त्यात घरोघरी टीव्ही आलेला. क्विम्बी असता तर त्यानेही तोच कागद सही करून खाली पाठवला असता, असं मला वाटतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये दोघांनी हॅना-बार्बेरा काढली, आणि स्टुडिओतले बरेच जुने हात त्यांच्याकडे गेले. टॉम अँड जेरीच्या एका फिल्मला जिथे चाळीस-पन्नास हजार डॉलरांचं बजेट असायचं, तिथे टीव्हीच्या पाच मिनिटांना तीन हजारांच्या आसपास मिळायचे. मग चित्रं कमी करण्याच्या युक्त्या आल्या : धड स्थिर, फक्त तोंड हलतंय. मागचं तेच झाड पुन्हा पुन्हा जातंय. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आहे ना? ती नुसती शोभा नव्हे. कॉलरमुळे डोकं धडापासून वेगळ्या थरावर काढता येतं, जोड दिसत नाही. डोकं हलवा, धड तेच ठेवा.

ज्यांनी मनगटाच्या मागून बोटं आणली तेच दोघं आता बोटं न हलवता गोष्ट सांगायला शिकले. निर्माता झाल्यावर त्यांना पगार करायचे होते. इथे मला क्विम्बीची खुर्ची थोडी समजते.

रानजाई

शाळेत चित्रकला शिकवते. आपल्याकडचा एक खरा धागा जोडते. १९५६ मध्ये क्लेअर वीक्स हा डिस्नेत काम केलेला अॅनिमेटर मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला आणि तिथल्या कार्टून विभागातल्या तरुणांना शिकवलं. ‘द बन्यन डिअर’ ही जातककथेवरची फिल्म त्यातून १९५७ मध्ये झाली. त्या तरुणांत राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय अॅनिमेशनचे जनक म्हटलं गेलं. म्हणजे अमेरिकेत एमजीएमचं दार बंद होत होतं त्याच सुमारास पेडर रोडला एक उघडत होतं. आणि तिथला निर्माता होता सरकार.

धोबीतलाव

रानजाई, सिनेमाआधीच्या वार्तापटांबरोबर आम्ही फिल्म्स डिव्हिजनची छोटी कार्टूनही पाहिलीत. ती कोणी काढली हे मात्र कधी वाचल्याचं आठवत नाही.

ओसरी

माझा राग थोडा निवळलाय, पण ते मंचावरचं मला अजून सुटत नाही. वॉर्नरकडेही असंच होतं का?

निळीरेघ

तसंच, थोडं जास्तच. तिथे १९४४ मध्ये श्लेसिंगरने स्टुडिओ वॉर्नरला विकला आणि एडवर्ड सेल्झर निर्माता झाला. तिथला दिग्दर्शक चक जोन्स सांगायचा की पेपे ल प्यू या दुर्गंधी सोडणाऱ्या स्कंकमध्ये काय विनोद आहे हे सेल्झरला कधी कळलं नाही, आणि १९४९ चं ऑस्कर त्याच पेपेच्या फिल्मला मिळालं तेव्हा ते घ्यायला तोच गेला. बैलांच्या झुंजीत काही विनोदी नसतं, असंही त्याने एकदा येऊन बजावलं. बैलांची झुंज तोवर कोणाच्या डोक्यातही नव्हती. जोन्सने लगेच बग्ज बनी विरुद्ध बैल अशी ‘बुली फॉर बग्ज’ केली.

क्विम्बीच्या शेवटाबद्दल लिहायचं राहिलं होतं, ते इथेच लिहिते.

१९३९ मध्ये ह्यू हार्मनने एमजीएममध्ये ‘पीस ऑन अर्थ’ केली होती. खार-आजोबा नाताळच्या रात्री नातवंडांना सांगतात की माणूस नावाचा प्राणी कसा लढून लढून संपला. दुसरं महायुद्ध नुकतंच सुरू झालेलं. १९५५ मध्ये अणुबॉम्बनंतरच्या जगासाठी हॅना-बार्बेराने तीच गोष्ट सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यावर नव्याने केली, ‘गुड विल टू मेन’. खारींच्या जागी उंदीर, उद्ध्वस्त चर्चमध्ये गाणारी पिल्लं. क्विम्बीचं निर्माता म्हणून हे शेवटचं काम. तिलाही नामांकन मिळालं, आणि त्या नामांकनात निर्माते म्हणून तीन नावं आहेत : फ्रेड क्विम्बी, विल्यम हॅना, जोसेफ बार्बेरा.

मिळालं असतं तर तिघंही वर गेले असते. त्या वर्षी ऑस्कर ‘स्पीडी गोन्झालेस’ला गेलं. दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग, बाहुली एडवर्ड सेल्झरच्या हातात.

ओसरी

तीन नावं एकदा तरी एका ओळीत आली म्हणायची. आज रात्री मुलीबरोबर ‘गुड विल टू मेन’ बघते.

निळीरेघ

बघा, आणि ती चर्चमधली पिल्लं गातात तिथे मागच्या रांगेतल्यांकडे लक्ष ठेवा. त्यांचीही तोंडं हलतात.